किती, आणि का?

गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या गटातल्या सात-आठ मुलामुलींबरोबर मी डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या काही पाड्यांवर गेले होते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये चौतीस प्रश्नांचा फॉर्म. विषय होता डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. कलाम साहेबांचे निधन जुलै २०१५ मध्ये झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य सरकारने अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दररोज एक वेळचे चौरस जेवण देणारी ही योजना सुरू केली. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, उसळ, अंडे, शेंगदाण्याचा लाडू. पुढच्या वर्षी मुलांसाठी अंडी-केळी आली. कलामांच्या नावाचा अभिमान आपल्या घराघरांत आहे, पण त्यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेतून आदिवासी बाईच्या ताटात काय पडते हे आपल्यापैकी फार कुणी पाहिलेले नाही. म्हणून हा विषय घेतला होता.

फॉर्ममधला अकरावा प्रश्न असा: ‘तुम्हाला अंगणवाडीत गरम जेवण मिळते का?’ उत्तरे तीन: हो, नाही, कधीकधी. जवळपास सगळ्या बायांनी ‘हो’ सांगितले. संध्याकाळी परतताना, शेअर रिक्षाची वाट पाहत उभे असताना, गटातला एक मुलगा खूश होऊन म्हणाला, “आपा, योजना मस्त चालली आहे. रिपोर्ट एका रात्रीत होईल.”

एक मुलगी मात्र गप्प होती. तिने दुपारी एका घरी फॉर्म भरून झाल्यावर मोबाइल पिशवीत टाकला होता आणि त्या बाईबरोबर चुलीपाशी बसून राहिली होती. तिथे तिला वेगळेच कळले. बाई अंगणवाडीत जाते, जेवण घेते, थोडे खाते आणि उरलेले डब्यात घालून घरी आणते. घरात म्हातारी सासू आहे आणि एक मुलगा आहे, जो अंगणवाडीच्या वयाबाहेर गेला आहे. अंडे त्याला मिळते. “मी एकटी कशी खाऊ?” एवढेच ती म्हणाली. आमच्या फॉर्ममध्ये ही बाई ‘हो’ आहे. तिला ‘नाही’ लिहिणेही खोटे ठरले असते. तिच्यासाठी आम्ही रकानाच ठेवला नव्हता.

दुसरी गोष्ट मला रात्री यादी तपासताना दिसली. बऱ्याच घरांपुढे मुलांनी ‘बंद’ असे लिहून शेजारचे घर घेतले होते. सर्वेक्षणात असे करतात, मीच त्यांना तसे सांगितले होते. पण डिसेंबरमध्ये या भागातली घरे बंद का असतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. भात काढून झाला, दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीच्या कामावर, बांधकामावर निघून जातात. वसई-भिवंडीकडे किंवा हद्द ओलांडून गुजरातेत. पोटुशी बाईसुद्धा जाते, कडेवरचे मूलही जाते. भट्टीवर तिच्या गावची अंगणवाडी नसते. म्हणजे ज्यांचे उत्तर ‘नाही’ येण्याची सर्वांत जास्त शक्यता होती, नेमक्या त्याच बाया आमच्या मोजणीतून गळाल्या होत्या. आमचा ‘हो’चा ढीग उंच दिसत होता, कारण ‘नाही’ म्हणणारे भट्टीवर होते.

तेव्हापासून आमच्या गटात भांडण सुरू आहे. एक बाजू म्हणते, आकड्यांशिवाय कुणी ऐकत नाही; चुलीपाशी ऐकलेली गोष्ट घेऊन जिल्हा परिषदेत गेलो तर साहेब म्हणतील, एका बाईचे काय घेऊन बसलात? दुसरी बाजू म्हणते, आकडे माणसाला गिळतात. आपण फक्त कहाण्या छापू. संपादक म्हणून निकाल मी द्यावा असे दोन्ही बाजूंना वाटते. मला निकाल द्यायचा नाही. पण दोन्ही बाजू कुठे चुकतात हे मात्र लिहायचे आहे, कारण मी स्वतः दोन्हीकडे चुकले आहे.

आधी आकडेवाल्यांबद्दल. त्यांना वाटते, आपण केले ते कच्चे काम, पण सरकारकडे पक्के आकडे असतीलच. ते घ्यावेत आणि योजनेच्या आधीचे व नंतरचे चित्र मांडावे. मीही तेच करायला बसले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी २०१५-१६ ची, म्हणजे योजना नुकतीच सुरू होताना. पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातले काम २०१९ मध्ये झाले. तुलनेला याहून सोयीची वर्षे कुठली? पण चौथ्या फेरीत पालघर जिल्हाच नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला आणि त्या फेरीने २०११ च्या जनगणनेतले जिल्हे धरले होते. त्यामुळे तलासरीचा पाडा आणि ठाणे, कल्याण, मीरा रोडचे फ्लॅट एकाच ‘ठाणे’ नावाखाली मोजले गेले. पाचव्या फेरीत पालघर स्वतंत्र आहे. मग तुलना कशाची कशाशी करायची?

बरे, पाचव्या फेरीचा पालघर तरी आपल्याला काय सांगतो? २०११ च्या जनगणनेप्रमाणे आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २९ लाख ९० हजार. त्यातले १३ लाख ४३ हजार लोक एकट्या वसई तालुक्यात. डहाणूत ४ लाख २ हजार आणि तलासरीत १ लाख ५५ हजारांच्या आत. पाचव्या फेरीत देशभरातल्या ७०७ जिल्ह्यांत मिळून ६ लाख ३६ हजार घरांत जाऊन माहिती घेतली, म्हणजे एका जिल्ह्यात सरासरी नऊशे घरे. ती लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली तर तलासरीच्या वाट्याला पन्नासही येत नाहीत आणि त्यातल्या किती घरांत पाच वर्षांखालचे मूल असणार? जिल्ह्याची सरासरी सुधारली तर ती विरारमध्ये सुधारली की उधव्याकडे, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. सर्वेक्षणाचा यात दोष नाही. ते जिल्ह्यासाठी आखलेले आहे, पाड्यासाठी नाही. दोष आपला, कारण त्याच्याकडून आपण भलतेच उत्तर मागतो.

राज्याचा आकडा घेऊन तर लोक आणखी गडबड करतात. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण महाराष्ट्रात चौथ्या फेरीत ३४.४ टक्के होते, पाचव्या फेरीत ३५.२ टक्के. ‘पाहा, पोषणाच्या योजना फसल्या’ असे त्यावरून कुणीही बोलून जातो. पण अमृत आहार फक्त अनुसूचित क्षेत्रात आहे. राज्यातली बहुसंख्य मुले त्या क्षेत्राबाहेर राहतात. शिवाय आईच्या ताटातल्या एका अंड्याने मुलाची उंची वाढायची तर ती चार वर्षांत राज्याच्या सरासरीत उमटेल, अशी अपेक्षा कुणी ठेवली? हा आकडा योजना यशस्वी झाल्याचे सांगत नाही, तसा फसल्याचेही सांगत नाही.

मोजणीने कार्यकारणाचे उत्तर मिळत नाही असे मात्र समजू नका. मिळते, पण त्यासाठी तुलना आधी आखावी लागते. उदयपूर जिल्ह्यात लसीकरणावर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तो करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी गावांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काही गावांत काहीच वेगळे केले नाही, काहींत नियमित लसीकरण शिबिरे भरवली आणि काहींत शिबिराबरोबर प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर ताटल्यांचा संच दिला. सर्व लसी पूर्ण झालेली मुले पहिल्या गटात ६ टक्के निघाली, दुसऱ्यात १८ टक्के, तिसऱ्यात ३९ टक्के. हा फरक शंभर कहाण्या सांगूनही सिद्ध झाला नसता. अमृत आहाराबाबत ही वाट बंद आहे. योजना सगळ्या अनुसूचित क्षेत्राला एकदम लागू झाली, तेव्हा तुलनेला कोरा पाडा उरलाच नाही. हद्दीपलीकडे उंबरगाव तालुक्यात जाऊन तुलना करावी तर तिकडे सरकार वेगळे, योजना वेगळ्या. मग २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि अंगणवाडीतले गरम जेवणच थांबले. कुठलीही सरळ रेषा तिथे तुटते.

आता कहाणीवाल्यांबद्दल. त्यांची चूक मला जास्त जवळची आहे, कारण मी लिहिणारी बाई आहे आणि मला गोष्ट आवडते. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ मध्येच लिहून ठेवले आहे की बाहेरून येणारा पाहुणा डांबरी रस्त्यालगतचे गाव पाहतो, कोरड्या ऋतूत येतो, पुढाऱ्याला आणि पुरुषांना भेटतो आणि गरिबी पाहिली असे समजून परत जातो. आम्ही वेगळे काय केले? राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून जिथे रिक्षा मिळते तेच पाडे आम्ही घेतले. पावसाळ्यात जिथे ओढा ओलांडून गरोदर बाईला अंगणवाडीत यावे लागते, तो पाडा आमच्या यादीत नव्हता. आणि पावसाळ्यात तर आम्ही गेलोच नव्हतो.

एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आमच्या सोबत दारोदार फिरली. तिने वारली बोलीतून दुभाषाचे काम केले, प्रेमाने केले, चहाही पाजला. पण ज्या बाईला अंगणवाडीबद्दल विचारायचे तिच्यासमोर अंगणवाडीच्याच बाईला उभे करून आम्ही विचारत होतो. तिने ‘हो’ नाही तर काय सांगावे? यात सेविकेला खलनायिका करू नका. उलट आमच्या गटातल्या कुणीही सेविकेला स्वतंत्र बसवून विचारले नाही की बाई, इंधनाला, किराण्याला पैसे वेळेवर येतात का, उशीर झाला तर दुकानदाराची उधारी कुणाच्या नावावर चढते? तिची मुलाखत सर्वांत आधी व्हायला हवी होती.

आणि चुलीपाशी भेटलेली ती बाई? तिची गोष्ट खरी आहे. पण डबा घरी नेणाऱ्या बाया दहात एक आहेत की दहात आठ, हे तिच्या गोष्टीतून कळत नाही. दहात एक असेल तर तिच्या घराला रेशन मिळते का ते पाहावे लागेल. दहात आठ असतील तर अर्थ असा की घरात उपाशी माणसे असताना एका बाईच्या पोटापुरते जेवण देण्याची कल्पनाच अपुरी आहे, आणि तेव्हा भांडण सरकारी निर्णयाशी आहे. दोन्हींसाठी मागणी वेगळी, मोर्चा वेगळा, अर्जाचा मायना वेगळा. म्हणून मोजावे लागते. पण काय मोजायचे हे आम्हाला चुलीपाशी बसल्यावरच समजले.

आकडे आणि साक्ष यांचा हा वाद डहाणूला नवा नाही. तिथल्या कष्टकरी संघटनेने आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीचा प्रश्न १९८० च्या दशकात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. अडचण साधी होती. बाप-आजापासून जमीन कसतो, पण कागद नाही. वनखात्याच्या दप्तरात जे नाही ते नाहीच, असे धरले तर आदिवासी आपल्याच शेतात अतिक्रमणदार ठरतो. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम आले तेव्हा त्यांत पुरावा कशाला म्हणायचे याची यादी आली. सरकारी कागद आहेतच. पण शेताचा बांध, विहीर, घर, दफनभूमी, आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी घेतलेला जबाब हेही पुरावे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीत आणखी स्पष्ट केले की उपग्रहाची छायाचित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांच्या जागी नाही. सामाजिक शास्त्रांच्या वर्गात आजही या विषयावर वाद घालतात. आपल्या कायद्याने तो सोडवून ठेवला आहे. म्हाताऱ्याचा शब्द आणि उपग्रहाचा फोटो एकाच फाइलमध्ये लागतात. (आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट: अनुसूचित जमातीत नसलेल्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करता येतो, पण तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जंगलालगत राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबांनाही हे लागू आहे, आणि तिथेही आजोबांच्या पिढीतल्या माणसाचा जबाबच कामी येतो.)

फाइलमध्ये एकच गोष्ट लागली तर काय होते तेही आपण पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याबाबत राज्यांना आदेश दिला. न्यायालयासमोर राज्यांनी दिलेले आकडे होते. देशभरात मिळून फेटाळलेले दावे दहा लाखांहून अधिक. पण दावा फेटाळला म्हणजे काय? ग्रामसभा झाली होती का, कारण लेखी कळवले होते का, अपिलाची संधी दिली होती का, म्हाताऱ्यांचे जबाब कुणी घेतले होते का? आकड्यात यातले काहीच नव्हते. देशभर ओरड झाली, सरकार पुन्हा न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले ते सांगा, असे न्यायालयाने राज्यांना विचारले. पंधरा दिवस लाखो कुटुंबांचे छप्पर एका रकान्याच्या मथळ्यावर टांगलेले होते.

आपल्या समाजालाही या दोन्ही पद्धतींनी हात दिला आहे. १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. सात! नमुना म्हणून ही संख्या हास्यास्पद आहे. पण तोंडी तलाकाने संसार कसा मोडतो हे त्या सात जणींमुळे पहिल्यांदा रस्त्यावर बोलले गेले. पुढे पन्नास वर्षे ‘अशा बायका किती आहेत? मूठभर’ हेच उत्तर ऐकावे लागले. २०१५ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने दहा राज्यांतल्या ४,७१० महिलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात ९२ टक्क्यांहून अधिक जणींनी एकतर्फी तोंडी तलाक बंद व्हावा असे सांगितले. त्या नमुन्याच्या निवडीवर प्रश्न विचारता येतात, विचारले गेलेही. पण ‘मूठभर’ म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

उलट दिशेचा अनुभवही आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर २००८-०९ पासून देशातल्या अल्पसंख्याकबहुल ९० जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, बुलढाणा आणि वाशीम त्यात होते. एकक जिल्हा धरले होते. किती वर्गखोल्या झाल्या, किती घरकुले, किती अंगणवाड्या, हे तक्त्यात भरले जात होते. वर्गखोली जिल्ह्यात कुठेही बांधली तरी आकडा भरतो. ती मोहल्ल्यापासून किती लांब आहे याला रकाना नव्हता. या टीकेनंतर बाराव्या पंचवार्षिक योजनेत एकक जिल्ह्यावरून तालुक्यांवर आणि शहरांवर आले. पालघरच्या सरासरीत तलासरी हरवते, तसे आपणही जिल्ह्याच्या सरासरीत हरवलो होतो. वारली बाईच्या ताटाचा हिशेब आपण का करावा, असे मला गटातल्या एकाने विचारले होते. मी त्याला परभणीचे उदाहरण दिले.

तर आमच्या अहवालाचे काय? तो आम्ही छापत नाही. टक्केवारी तयार आहे, तक्तेही रंगीत झाले आहेत, पण बंद घरांचा हिशेब लागेपर्यंत ते कुणाला दाखवू नयेत असे मी गटाला सांगितले. दोघे रागावले आहेत. त्यांची मेहनत खरी होती, राग समजतो.

पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी क्रम उलटा. आधी चार-पाच पाड्यांवर नुसते बसायचे, फॉर्म नाही. त्यातला एक तरी पाडा ओढ्यापलीकडचा हवा. मुली बायांशी बोलतील, मुले रोजगारावर जाणाऱ्या पुरुषांशी. सेविकेची आणि मदतनीस बाईची मुलाखत वेगळी, आणि त्यांची नावे कुठेही येणार नाहीत. दुभाषा त्या पाड्याबाहेरचा, पण बोली जाणणारा. मग त्यातून फॉर्म तयार करायचा. अकराव्या प्रश्नाचे आता तीन प्रश्न झाले आहेत: काल अंगणवाडीत गेलात का, तिथे बसून काय काय खाल्ले, घरी काय नेले आणि ते कुणी खाल्ले? ‘मिळते का’ हा शब्द आम्ही काढून टाकला, कारण सरकारी माणूसही तोच वापरतो. ‘बंद’ घरापुढे शेजाऱ्याला विचारून लिहायचे: कुठे गेले, कधी गेले, गरोदर कुणी होते का. आणि मोजणी दोनदा: एकदा भात लावणीनंतर, पावसात, माणसे गावात असताना, दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, पाड्यावर आणि जमल्यास त्याच कुटुंबांच्या मागे वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर.

भट्टीवर जायला आम्हाला माणसे कमी पडत आहेत. भिवंडीत राहणारे आपले वाचक पुष्कळ आहेत. रविवारी दोन तास देता येत असतील, आणि बाईच्या उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न न विचारता थोडे थांबता येत असेल, तर कळवा.